पेंढ्याचं रेडकू

रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण ती सोडत नाही. अशा वेळी माझे आजोबा मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून वाळवायचे, त्यात पेंढा भरायचे, चार काठ्यांचे पाय लावायचे आणि ते सोंग म्हशीच्या तोंडापुढे नेऊन उभं करायचे. म्हैस ते हुंगायची, चाटायची, आणि चाटता चाटता खाली दुधाची कासंडी भरायची. आजोबांचं एक रेडकू तर इतकं हुबेहूब जमलं होतं, की जनावरांच्या गणतीला आलेल्या तलाठ्याने त्याची नोंद केली आणि पुढे दोन वर्षं त्याच्या नावावर सरकी पेंड येत होती. ही गोष्ट गावात मीच पसरवली आहे, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नका. पुढे सांगतो ती तरी थाप निघावी, असं मला अजून रोज सकाळी वाटतं.

आजोबांना असं एक रेडकू करायला चार दिवस लागायचे. मला एक टिचकी लागली.

मी सुधाकर खोत. पुण्यात बावीस वर्षं जावा नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिले. मग प्रोग्रॅम लिहायचं काम यंत्रं करायला लागली, आणि आमच्यासारख्यांना कंपन्यांनी पुष्पगुच्छ देऊन घरी बसवलं. मी पंचगंगेच्या काठी आमच्या गावी परत आलो. दोन हजार एकोणचाळीस साली तालुका दूध संघाने म्हशींच्या डोक्यात चिप बसवायची टूम काढली, तेव्हा त्यांना कुणीतरी माणूस हवा होता, म्हणजे ज्याच्या नावाने कागदावर सही घेता येईल असा. तो मी.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी. रेडकाचा वास, त्याचं रेकणं, अंगाची ऊब हे सगळं म्हशीच्या मेंदूत पोचतं आणि आतला एक कोपरा ठरवतो, की रेडकू जवळ आहे. ते ठरलं की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पान्हा येतो. चिप बनवणाऱ्यांनी आधी ती या वाटेच्या कडेला बसवून पाहिली. पण मेंदूत गोंगाट इतका, जणू आमच्या गावचा मंगळवारचा बाजार. कडेला बसून काही ऐकूच येईना. मग त्यांनी ती थेट वाटेवर बसवली, जुन्या काळच्या आगाऊ पोस्टमनसारखी. पत्र घ्यायचं, फोडून वाचायचं, पुन्हा चिकटवून पुढे द्यायचं. म्हणजे आतल्या कोपऱ्याला रेडकाची खबर इथून पुढे चिपच देणार. हे नीट लक्षात ठेवा.

संघाच्या संगणकात प्रत्येक म्हशीचा एक ऑब्जेक्ट होता. ऑब्जेक्ट म्हणजे कप्प्यांची पेटी. ताप, चाल, रवंथ, माज, वजन, दूध आणि ‘रेडकू जवळ’, असे सात कप्पे. पेटी बंद असते. आतलं बघायचं तर गेटर लागतो आणि बदलायचं तर सेटर. घराबाहेरचा विजेचा मीटर डोळ्यांपुढे आणा. काचेतून आकडा दिसतो, तो गेटर. काचेला भोक पाडून बोटाने आकडा फिरवायची सोय केली, तर तो सेटर. काही कप्प्यांना भोक लागतंच. वजन चुकीचं पडलं तर दुरुस्त करता आलं पाहिजे. पण रेडकू जवळ आहे की नाही, ही बाहेरून लिहायची गोष्टच नाही. ती फक्त वाचायची.

प्रोग्रॅम सगळा यंत्राने लिहिला. शेवटी त्याने मला एकच प्रश्न विचारला: या सात कप्प्यांपैकी कुठले बाहेरून बदलता यावेत? पुढे सात चौकोन आणि तळाला एक बटण, ‘सगळे’.

आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगतो. तरुणपणी रोज असे वीस-वीस ऑब्जेक्ट करायचे असायचे. कुणी एकेक कप्पा तपासत बसत नव्हतं. माऊसची उजवी टिचकी मारायची, यादी उघडायची, सगळे निवडायचे, की यंत्र गेटर आणि सेटर भराभर ओतून द्यायचं. ‘असू देत, पुढे लागतील.’ हे वाक्य मी बावीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलं आणि म्हटलं, की माझ्या बोटातच ते मुरलं होतं.

बोटाने ‘सगळे’ दाबलं.

यंत्र भलं होतं. त्याने पुन्हा विचारलं: ‘रेडकू जवळ’ हे मोजमाप आहे. नक्की?

मी ‘हो’ दाबलं. एवढंच नाही, कचेरीत चाचणीला म्हैस कुठून आणायची म्हणून एक ओळ जास्तीची घालायला सांगितली: हाताने लिहिलेलं असेल तर तेच वरचढ, आत येणारी खबर पुढे द्यायची नाही.

तेवढ्यात संघाचे मॅनेजर संकपाळ दारात आले. “काय ओ खोत, झालं का?”

“झालंय. एकदा नजर टाका.”

“तुम्ही केलंय म्हटल्यावर नजर काय टाकायची? चला, मिसळ गार व्हायला लागलीया.”

त्या दिवशी कट खरंच झणझणीत होता.

तीन वर्षं ते भोक कुणाला दिसलं नाही. मग संकपाळांना दिसलं. एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले आणि आवाज उतरवून म्हणाले, “खोत, ह्या रेडकाच्या कप्प्यात मी सहज ‘खरं’ लिहिलं. कुठली म्हैस घेतली होती माहितीय? रेडकू जाऊन महिना झालेली. बादली भरली की ओ तिनं!” महिन्याभरात संघाच्या साडेतीन हजार म्हशींपुढे न दिसणारं पेंढ्याचं रेडकू उभं राहिलं. दूध तिपटीने वाढलं असं संकपाळ सांगायचे. मी थापाड्या असलो तरी आकडे खरे सांगतो, वाढ तिसऱ्या हिश्शाची होती.

माझी मुलगी शर्वरी, घरात आम्ही शरू म्हणायचो, संघातच जनावरांची डॉक्टर होती. एका सकाळी तिने मला हाताला धरून गोठ्यात नेलं. मोरणी नावाची म्हैस तिसऱ्यांदा व्यायली होती. रेडकू आठ दिवसांचं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं.

“बघा आता,” शरू म्हणाली. तिने रेडकू कासेकडे ढकललं. मोरणीने मान वळवून त्याला हुंगलं. रागावली नाही, शिंग उगारलं नाही. मागचा पाय उचलून त्याला बाजूला सारलं आणि वैरण खायला लागली. शेजारणीचं पोर चुकून आपल्या घरात आलं तर आपण दार दाखवतो ना, तसं. रेडकू परत गेलं, परत पाय उचलला गेला.

“बाबा, तिचं रेडकू तिच्याजवळ आहे. आत. मग हे कोण?”

मी रेडकाच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

“या कप्प्याला सेटर कुणी ठेवला?”

“मी.”

“कशासाठी?”

“कशासाठी असं नाही गं. सवयीनं.”

“सवयीनं,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी माझ्याशी दुसरा शब्द बोलली नाही. आठवड्याने तिने जिल्ह्याला लेखी तक्रार केली. कागदावर नाव माझं, सही माझी. मला कामावरून थांबवलं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, तोही पंधरा वर्षांपूर्वीचा, हसरा. चौकशी समितीने दोन दिवस मुक्काम केला, ‘मानवी चूक’ असा शेरा मारला आणि कप्पे तसेच ठेवून ती निघून गेली. गाव सगळं सहा महिन्यांत विसरलं. घरात मात्र माझी बायको उज्ज्वला विसरायला तयार नव्हती.

“बापाची अब्रू चावडीवर टांगलीस,” ती शरूला म्हणाली. मी मध्ये पडायला हवं होतं. मी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. “म्हशींची माया दिसली तुला, बापाची नाही. जा. पुन्हा तोंड दाखवू नकोस मला.”

शरू जिद्दीला आईवर गेलेली. ती गेली ती थेट नॉर्वेला, रेनडिअरच्या कळपांची डॉक्टर होऊन.

पहिले दोन महिने उज्ज्वला तोऱ्यात होती. मग तिचं एकेक सुटत गेलं. आधी देवपूजा, मग टीव्ही, मग जेवण. दारातल्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसायची. मी शरूला फोन केला. ती म्हणाली, “आई एकदा ये म्हणू दे, दुसऱ्या दिवशी निघते.” उज्ज्वलाला म्हटलं तर ती म्हणाली, “ती येऊ दे, मग बोलते मी.” दोघींच्या मध्ये सात हजार किलोमीटर आणि मी. आठ महिन्यांत उज्ज्वलाचं वजन अडतीस किलोवर आलं. डॉक्टर मगदूम म्हणजे आमच्या तालुक्यातले मेंदूचे डॉक्टर, साधा सरळ माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “खोतसाहेब, अशानं त्या पावसाळा काढणार नाहीत.”

मग त्यांनीच नवीन उपाय सुचवला. मोठ्या शहरांत बाळंतपणानंतर खचलेल्या बायकांना एक चिप बसवत होते. आपलं माणूस जवळ असल्याची जाणीव मेंदूत किती आहे ते वाचायचं आणि त्यावरून औषधाचं माप ठरवायचं. उज्ज्वलाला ती बसवली. डॉक्टरांनी माझ्या हातात टॅबलेट दिला. “रोज सकाळी आकडे बघून मला कळवा. फक्त वाचायला आहे हं हे.”

मी पडद्याकडे पाहिलं. सात कप्पे, माझेच. ‘म्हैस’च्या जागी ‘रुग्ण’ लिहिलं होतं. ‘रेडकू जवळ’च्या जागी ‘आप्त जवळ’. चिपवाल्या कंपनीने गोठ्यातला प्रोग्रॅम उचलून, नावं बदलून दवाखान्यात विकला होता. तेही नीट केलं नव्हतं. रवंथाचा कप्पा नजरचुकीने तसाच राहिला होता आणि माझ्या बायकोचा रवंथ शून्य दाखवत होता. मी हसलो. डॉक्टरांना वाटलं, माणूस आनंदला.

आप्त जवळ: खोटं.

दुरुस्तीवाल्यांसाठी मी एक चोरवाट ठेवलेली होती, ती अजून उघडत होती. चार दिवस मी टॅबलेट मांडीवर घेऊन बसलो. मला मोरणी आठवत नव्हती असं नाही. तिचा उचललेला पाय मला स्वच्छ दिसत होता. पण मी मनाशी म्हटलं, ज्या म्हशीचं रेडकू परत येणारच नाही तिच्यापुढे पेंढ्याचं उभं करायला काय हरकत आहे? शरू काही येत नाही. आणि ही काही पावसाळा काढत नाही.

एवढ्यावर मी सगळं बेतलं.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला उज्ज्वला गार भाकरीपुढे बसली होती. तीन दिवस अन्नाचा कण पोटात नव्हता. मी पलीकडे बसून चोरवाट उघडली, कप्प्यात ‘खरं’ लिहिलं. पडद्याने जुनाच प्रश्न विचारला: हे मोजमाप आहे. नक्की?

हो.

तिने मान वर केली. कपाळावरची आठी उलगडली. ताट पुढे ओढलं आणि म्हणाली, “दूध आहे का हो थोडं? कोरडी जात नाही ही.”

मी दूध आणायला उठलो तर माझ्या हातून भांडं खणकन पडलं.

“हळू!” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“का?”

ती जरा गोंधळली. आतल्या खोलीकडे पाहिलं. “असंच,” म्हणाली आणि भाकरी कुस्करायला लागली.

तिला भास होत नव्हते, हे नीट सांगायला हवं. शरू तिला दिसत नव्हती, ऐकू येत नव्हती. घरात पोर असली की आपण दर घडीला तिला बघायला जात नाही, तरी पाठीमागे एक ऊब असते. तेवढीच तिला मिळाली होती. तेवढ्यावर ती जगली. वर्षात बावन्न किलोवर आली. उन्हाळ्यात कुरडया घातल्या, शेजारणीशी भांडली, माझ्या थापांना पुन्हा नावं ठेवायला लागली. डॉक्टर मगदूम औषधावर इतके खूश झाले की त्यांनी एका परिषदेत तिची केस वाचली. पायरीवर ती आता बसत नव्हती. रस्त्याकडे बघत नव्हती. आणि शरूचं नाव तिने त्या सकाळपासून एकदाही घेतलं नव्हतं. हे माझ्या ध्यानात यायला सात महिने लागले. आलं तेव्हा मी ते ध्यानातून काढून टाकलं.

दीड वर्षाने जिद्द आधी शरूची मोडली. तिने आईला फोन केला. मी समोरच होतो. उज्ज्वलाने फोन कानाला लावला, ऐकून घेतलं, म्हणाली, “बरं बरं. ठेवते हं, कामात आहे.” विमा विकणाऱ्या पोरीशी बोलावं तशी.

शरूला वाटलं, आईचा राग अजून गेला नाही. ती रजा टाकून निघालीच.

दुपारी चारला रिक्षातून उतरली. गाल थंडीने रापलेले, हातात पिशवी. दारातच वाकून आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि ते उचलेना.

“असू दे, असू दे. ऊठ बाई,” उज्ज्वला म्हणाली. “कोण गं तू? उन्हातनं आलीस, पाणी देते थांब.”

“आई, मी शरू.”

उज्ज्वलाने तिच्या हनुवटीला हात लावून चेहरा वर केला. निरखून पाहिला. मग माझ्याकडे बघून हसली. “अहो, बघा तरी! अगदी आपल्या शरूसारखी दिसते ही. तोच तीळ.”

“आई, मीच आहे ती.”

“चेष्टा नको करूस बाळ. शरू आत आहे आमची.”

“आत कुठं?”

“आत गं,” उज्ज्वला म्हणाली, जणू हा काय प्रश्न झाला.

शरू आत धावली. एक खोली उघडली, दुसरी उघडली, न्हाणीघराचं दार ढकललं. “कुठंय? दाखव मला! कुठंय?” उज्ज्वला तिच्या मागोमाग, आधी घाबरलेली, मग चिडलेली. शरूने तिला मिठी मारली, तर उज्ज्वलाने कोपराने तिला बाजूला सारलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं बाजूला सारलं आणि पदर सारखा केला.

शरू जागच्या जागी थांबली. हे तिने आधी पाहिलेलं होतं. तिने सावकाश माझ्याकडे मान वळवली.

“बाबा, तिला चिप बसवली ना? कप्प्यात काय आहे?”

“खरं.”

“कुणी लिहिलं?”

मी टॅबलेट तिच्यापुढे ठेवला. ती खाली बसली. पिशवीतून रेनडिअरच्या शिंगाची एक फणी निघून फरशीवर पडली होती, ती उचलून कितीतरी वेळ पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मगदूमांपुढे मी सगळं कबूल केलं. ते उभेच राहिले. “खोत, हे फक्त वाचायला होतं!”

“होतं. मी भोक ठेवलेलं होतं.”

“काढून टाका मग ते लिहिलेलं. त्यांना त्यांचं त्यांचं कळू दे.”

मी सकाळीच काढलं होतं. कप्पा रिकामाच राहिला. डॉक्टरांनी मेंदूची चित्रं काढली, तासभर पाहिली, आणि खुर्चीत टेकले. चेहरा ओळखायची वाट वेगळी असते, म्हणाले, ती शाबूत आहे. म्हणून तीळसुद्धा ओळखला. पण आपलं माणूस जवळ आल्याची खबर ज्या तंतूंवरून जाते, त्यांचं चिपने दीड वर्ष काही ऐकूनच घेतलं नाही. वापरात नसलेली पायवाट बुजते, तसे ते वाळून गेले. आता त्या बाजूने काहीच येत नाही. चिप काढली तर उरलंसुरलंही तुटेल.

“म्हणजे बाहेरून लिहू तेच तिला कळणार,” शरू म्हणाली.

“हो.”

“खरं लिहिलं तर मी परकी. आणि खोटं लिहिलं तर?”

डॉक्टर चष्मा पुसत बसले.

“खोटं लिहा बाबा,” ती म्हणाली. “मला शोधेल तरी ती. शोधत असताना मी समोर असेन. कधीतरी तिला उमजेल.”

मी खोटं लिहिलं.

त्या चार दिवसांबद्दल थोडक्यातच सांगतो. उज्ज्वला पायरीवर जाऊन बसली. शरू शेजारी बसली. उज्ज्वलाने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि शरूसाठी रडली. “माझी पोर कुठंय गं? मी तिला नको ते बोलले. तोंड दाखवू नकोस म्हणाले.” शरू तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन सांगत होती, आई, मी आले, हे बघ, हे माझं तोंड. उज्ज्वला तिच्या गालावरून हात फिरवून म्हणायची, “तू भली आहेस. तुझा चेहरा तिच्यासारखा आहे म्हणून तर जास्तच आठवते. तिला शोधून आण ना.” शरूने भरवलेला घास ती तोंडात धरायची, गिळायची नाही. चौथ्या दिवशी सकाळी नाडी लागेना. डॉक्टर आले, सलाइन लावली, माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

शरू माझ्याजवळ आली. “टॅबलेट द्या.”

“मी करतो, शरू.”

“नको. तुमचं एकदा झालंय करून. कुठून जायचं?”

मी चोरवाट दाखवली. तिने कप्पा उघडला, ‘खरं’ लिहिलं. पडद्याने विचारलं: हे मोजमाप आहे. नक्की?

माझ्या आयुष्यात तो प्रश्न नीट वाचलेला मी एकच माणूस पाहिला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला. आईकडे पाहिलं. बोट थोडा वेळ हवेत राहिलं. मग तिने ‘हो’ दाबलं.

पायरीकडे लागलेले उज्ज्वलाचे डोळे वळले. शरूकडे बघून ती क्षीण हसली. “अगंबाई, तू अजून इथंच? काही खाल्लंस का?”

शरू नॉर्वेला परत गेली नाही. तिने पलीकडच्या गल्लीत एक खोली घेतली आहे आणि गावातल्या जनावरांना औषधपाणी बघते. साडेतीन हजार म्हशींचे कप्पे तिने एकेक करून मोकळे केले. कितींच्या पायवाटा उमटल्या ते ती सांगत नाही. रोज दुपारी ती आमच्याकडे येते, काही ना काही घेऊन. कधी खरवस, कधी अंबाडीची भाजी, कधी आईला आवडतो तो तिळाचा लाडू. परक्या रेडकाला म्हशीने जवळ करावं म्हणून गवळी त्याच्या पाठीला मीठ आणि कोंडा चोळतात. तेवढ्या चवीपायी का होईना म्हैस चाटते. “मीठ लावून आलेय, बाबा,” दारात चप्पल काढताना शरू मला हळूच म्हणते. विनोदाचं हे अंग माझ्याकडून आलंय, दुसरं काय.

उज्ज्वलाला ती आवडते. डॉक्टरीणबाई म्हणते तिला. तिच्याकडून त्या शिंगाच्या फणीने केस विंचरून घेते, गावभरच्या म्हशींची दुखणी ऐकते, कधी कधी तिचा हात हातात घेऊन बसते. एकदा म्हणाली, “आमच्या शरूशी तुझं जमलं असतं बघ.” शरूने फणीत अडकलेले केस काढून त्यांचा गुंता बोटाला गुंडाळला आणि म्हणाली, “जमलं असतं.”

दिवस कलला की उज्ज्वलाच तिला उठवते. कालही उठवलं.

“चल, ऊठ आता. किती वेळ परक्याच्या घरी बसशील? आई वाट बघत असेल तुझी.”

“असेल,” शरू म्हणाली.

“असेल काय! तुम्हा पोरींना कळत नाही, आईच्या जिवाला काय लागतं ते. सरळ घरी जा.”

शरूने चप्पल घातली, माझ्याकडे न बघता फाटक ओढलं. ती गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत उज्ज्वला पायरीवर उभी राहून हात हलवत होती. मग आत आली. मी दार लावायला पुढे झालो, तेव्हा तिने आतल्या रिकाम्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि माझ्या दंडाला हात लावला.

“हळू लावा हो,” म्हणाली.